विश्लेषण : घरच्या लेथवर कॅमेरा, पडद्यावर सावकार... कोण होते बाबूराव पेंटर? शंभर वर्षांपूर्वीचा ‘सावकारी पाश’ आज का आठवायचा?

धाराशिव : कर्जापायी जमीन सावकाराच्या घशात जाते, शेतकरी गाव सोडतो आणि शहरात गिरणीकामगार होतो. ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात कुणाला नवी नाही. पण ती भारतीय पडद्यावर पहिल्यांदा ठसठशीतपणे आली ती १९२५ मध्ये. चित्रपटाला आवाज नव्हता, रंग नव्हते, आणि ज्या कॅमेऱ्याच्या जोरावर ही कंपनी उभी राहिली तो कॅमेराही बाजारातून आणलेला नव्हता. चित्रपटाचे नाव ‘सावकारी पाश’ आणि दिग्दर्शक कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. या चित्रपटाला शंभर वर्षे उलटली. दादासाहेब फाळके सगळ्यांना माहीत आहेत, व्ही. शांताराम माहीत आहेत. या दोघांच्या मधला माणूस मात्र नव्या पिढीला स्पर्धा परीक्षेच्या एका गुणापुरताच भेटतो. म्हणून हे विश्लेषण.

पेंटर हे आडनाव कुठून आले?

मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. घराणे सुतारकाम करणारे. वडील कृष्णराव लाकूडकामाबरोबर लोहारकाम, चित्रे, मूर्ती असे हाताला येईल ते सगळे करायचे. बाबूराव कुठल्या कलाशाळेत गेले नाहीत. जे शिकले ते वडिलांच्या आणि चुलतभाऊ आनंदराव यांच्या हाताखाली, हत्यारे हातात घेऊन.

दोघा भावांनी नाटकांचे पडदे रंगवायला घेतले. तो संगीत नाटकाचा भरभराटीचा काळ. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, रस्ता असे एकेक दृश्य अख्ख्या पडद्यावर रंगवलेले असायचे आणि पडदा उघडला की आधी त्यालाच टाळी पडायची. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी यांच्यासाठी या भावांनी पडदे केले. लोक त्यांना आनंदराव पेंटर, बाबूराव पेंटर म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले.

१९१३ मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तो पाहून या दोघांनी पडदे रंगवायचे सोडून हलती चित्रे करायचे ठरवले. मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला, आधी दुसऱ्यांचे चित्रपट दाखवायला सुरुवात केली आणि त्यातच यंत्राची ओळख करून घेतली.

कॅमेरा घरी बनवायची वेळ का आली?

फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. पेंटर बंधूंकडे तेवढा पैसा नव्हता. त्यात १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि विलायतेहून माल येणे अवघड झाले. मग कॅमेरा आपणच करायचा, असे आनंदरावांनी मनावर घेतले.

हे काम किती अवघड होते, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. ‘जुगाड’ म्हणून आपण अशा गोष्टी हसण्यावारी नेतो. हा जुगाड नव्हता.

३५ मिलिमीटरच्या फिल्मला दोन्ही कडांना छिद्रे असतात. एका चित्रासाठी चार छिद्रे, म्हणजे फिल्म दर वेळी सुमारे १९ मिलिमीटर पुढे सरकली पाहिजे. पण ती सतत सरकत राहिली तर सगळे पुसट येईल. म्हणून ती लेन्ससमोर येऊन क्षणभर पूर्ण थांबली पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून उजेड आत आला पाहिजे, झडप बंद झाली पाहिजे, मग आकड्यासारखा एक पंजा छिद्रात अडकून फिल्म खाली ओढणार, परत वर जाणार, पुन्हा अडकणार. सेकंदाला १६ वेळा. हे सगळे हाताने हँडल फिरवून. एका फेऱ्यात आठ चित्रे, म्हणजे सेकंदाला दोन फेरे, एका लयीत. कॅमेरामनच्या हाताची लय बिघडली की पडद्यावर नट एकदम धावायला लागतो किंवा ढिला पडतो.

आता अचूकतेचा हिशेब बघा. फिल्मवरच्या चित्राची रुंदी साधारण २४ मिलिमीटर. ते १६ फुटी पडद्यावर टाकले तर सुमारे दोनशे पट मोठे होते. पंजाची जागा एक दशांश मिलिमीटरने चुकली, तर पडद्यावर चित्र दोन सेंटिमीटरने उडी मारते. प्रत्येक चित्रागणिक. म्हणजे पाहणाऱ्याचे डोके दुखणार. ‘थिअरी ऑफ मशीन्स’च्या वहीत अशी यंत्रणा आम्ही काढायचो आणि मार्क घेऊन मोकळे व्हायचो. या माणसांनी ती धातूत उतरवली, तीही ड्रॉइंग न शिकता.

काम अर्धवट असताना १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूराव २६ वर्षांचे होते. भाऊ गेला, गुरू गेला आणि टेबलावर अपुरे यंत्र राहिले. विष्णुपंत दामले नावाचा हुन्नरी तरुण साथीला होता. दोघांनी काम पुढे नेले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. भारतात बनलेला हा पहिला चित्रपट कॅमेरा मानला जातो. ‘पहिला’ हा शब्द चित्रपटाच्या इतिहासात फार स्वस्त आहे, त्यामुळे तो जरा जपूनच वापरावा. पण समजा आधी कुठे कुणी एखादे यंत्र केलेही असेल, तरी त्यावर कंपनी उभी करून चित्रपटांची रांग लावणारे हेच.

पैसा कुणी दिला?

कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीचा स्थापना दिवस म्हणून १ डिसेंबर १९१७ ही तारीख मानली जाते. भांडवल आले एका गायिकेकडून. तानीबाई कागलकर यांनी स्वतःच्या कमाईतून हजारो रुपये या धंद्यात घातले. त्या काळात सिनेमाला बँक तर सोडा, घरचा माणूसही पैसे देत नव्हता. गाणाऱ्या स्त्रीला समाज काय मान द्यायचा हे सांगायला नको, आणि त्याच स्त्रीच्या पैशावर मराठी चित्रपटाचे पहिले मोठे घर उभे राहिले. तानीबाईंचे नाव बहुतेक लेखांत एका ओळीत संपते. इथेही दुसरी ओळ लिहिण्याइतकी माहिती हाताशी नाही, हे खटकते.

दुसरा आधार छत्रपती शाहू महाराजांचा. कुस्ती, संगीत, नाटक, चित्रकला यांना संस्थानात आश्रय होताच, त्यांनी या नव्या खटाटोपालाही हात दिला. आपल्या भागाशी तुलना केली तर फरक लक्षात येतो. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबई-पुण्याचे वारे इकडे यायचे ते बार्शी आणि सोलापूरच्या बाजारपेठेतून. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली होती, तीच काय ती वाट.

‘सैरंध्री’ने नेमके काय केले?

फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ लागला. कथा महाभारतातली. अज्ञातवासात द्रौपदी दासी बनून राहते, कीचक तिच्यावर वाईट नजर टाकतो आणि भीम त्याला ठार मारतो. वरवर पौराणिक. पण हीच कथा घेऊन कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘कीचकवध’ नाटक लिहिले होते, त्यातला कीचक प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसायचा आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली होती. तेच कथानक दहा वर्षांनी पडद्यावर आणले, तेव्हा पाहणाऱ्याला काय समजायचे ते समजले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रपटानंतर. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले.

बाळासाहेब यादव भीम होते. कीचकवधाचे दृश्य इतके अंगावर येणारे झाले की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. सेन्सॉर बोर्डे नुकतीच कामाला लागली होती.

स्त्री भूमिका स्त्रियांनीच करायच्या, हा बाबूरावांचा आग्रह होता. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पुढे आल्या, पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी झाली. याआधी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई आणि कमलाबाई गोखले या मायलेकींनी काम केले होते, त्यामुळे पहिलेपणाचा मान बाबूरावांना देता येत नाही. पण एरवी तेव्हा बहुतेक ठिकाणी मिशा काढलेले पुरुषच साडी नेसत होते. या दोघींना समाजाने वाळीत टाकल्यासारखे वागवले. पुढे कमलादेवी हे कंपनीचे ठळक नाव झाले.

पडदे रंगवणाऱ्याने पडदेच का काढून टाकले?

बाबूरावांच्या कामातली मला सर्वात मोठी वाटणारी गोष्ट ही. ज्या माणसाचे नाव रंगवलेल्या पडद्यांवर झाले, त्यानेच सिनेमातून रंगवलेला पडदा हद्दपार केला. सपाट कापडावर काढलेला खांब रंगमंचावर चालतो, कारण प्रेक्षक एका जागी बसलेला असतो. कॅमेरा जागा बदलतो, जवळ जातो, आणि खोटेपणा उघडा पडतो. म्हणून त्यांनी लाकूड, माती, चुना वापरून खरोखरच्या भिंती, खांब, ओसऱ्या उभ्या केल्या. सुताराच्या मुलाला ते जड गेले नाही. प्रत्येक प्रसंग आधी कागदावर रेखाटायचा, पोशाख काढायचे, नट कुठून कुठे जाणार हे ठरवायचे आणि मग कॅमेरा लावायचा, अशी त्यांची पद्धत होती. आजच्या भाषेत स्टोरीबोर्ड.

१९२३ चा ‘सिंहगड’ हा तानाजीचा चित्रपट हरी नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर होता. रात्रीची चढाई दाखवायची तर दिवसाच्या उन्हावर भागत नाही. या चित्रपटात भारतात प्रथम कृत्रिम प्रकाश वापरला गेला, असे चित्रपटाचे इतिहासकार नोंदवतात. स्वतः बाबूरावांनी शिवाजी महाराजांची भूमिका केली, आणि शेलारमामा झाला तो कंपनीत पडेल ते काम करणारा एक पोरगा, शांताराम वणकुद्रे. १९२० मध्ये तो कंपनीत आला तेव्हा झाडलोटीपासून सगळे केले. पुढे तोच व्ही. शांताराम.

‘सिंहगड’ला इतकी गर्दी झाली की सरकारचे लक्ष तिकडे गेले आणि करमणूक कर आला, अशी एक गोष्ट सांगितली जाते. मुंबई इलाख्यात हा कर १९२३ मध्येच लागू झाला, त्यामुळे गोष्ट जुळते खरी. पण बंगालमध्ये तो आधीच आला होता. तेव्हा सगळे श्रेय, किंवा सगळा दोष, तानाजीच्या माथी मारायला नको.

१९२४ चा ‘कल्याण खजिना’ लंडनजवळच्या वेम्बली येथील ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनात दाखवला गेला आणि त्याला पदक मिळाले. त्याचे बाबूरावांनी केलेले पोस्टर आज शिल्लक असलेल्या सर्वात जुन्या भारतीय चित्रपट पोस्टरांपैकी एक आहे. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेली पुस्तिका प्रेक्षकांना देण्याची पद्धतही त्यांनी सुरू केली.

‘सावकारी पाश’मध्ये काय होते?

कथा नारायण हरी आपटे यांची. (वरचे हरी नारायण वेगळे, हे नारायण हरी वेगळे. परीक्षेत हमखास गल्लत होते.) याच नारायण हरींच्या कादंबरीवर पुढे प्रभातचा ‘कुंकू’ आला.

एक साधा शेतकरी. सावकाराच्या कागदात अडकतो. जमीन जाते. गाव सुटते. शहरात येऊन गिरणीत मजुरी करू लागतो. शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम. देव नाही, राक्षस नाही, किल्ला नाही, तलवार नाही. १९२५ च्या प्रेक्षकासमोर त्याच्याच शेजारच्या घरातली गोष्ट.

ज्यांनी तो चित्रपट पाहिला त्यांच्या मनात एक दृश्य वर्षानुवर्षे राहिले. रात्रीची वेळ, पडीक झोपडी, जवळजवळ अंधारच आणि तिथे गळा काढून रडणारे कुत्रे. आवाज नाही, हे लक्षात ठेवा. कुत्र्याचे विव्हळणे फक्त दिसते, आणि तरी ऐकू आल्यासारखे वाटते. तेव्हाच्या फिल्मची प्रकाश पकडण्याची क्षमता आजच्या मानाने अगदी कमी होती, चित्र उमटवायलाच भरपूर उजेड लागायचा. अशा फिल्मवर अंधार दाखवायचा, तोही चित्र नुसते काळे न पडता, हे धाडस होते.

सावकारी हा विषय हवेतून आला नव्हता. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जाचे कागद जाळले, ते लोण पुणे-नगर भागात पसरले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून आपण ते शाळेत शिकतो. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या शेतकऱ्याला त्याचा आधार मिळाला. शिव ओलांडून इकडे आले की निजामाचे राज्य सुरू व्हायचे आणि तो कायदा संपायचा. एकाच मातीत, एकाच ज्वारीत, एका रेषेचा फरक.

मग चित्रपट चालला का?

नाही. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांना रांगा लावणाऱ्या प्रेक्षकाने स्वतःचेच दुःख तिकीट काढून पाहायला नकार दिला. जाणकारांनी वाखाणले, गल्ला भरला नाही. बाबूराव पुन्हा पुराणकथांकडे आणि इतिहासाकडे वळले.

याचा दोष कुणाला द्यायचा? प्रेक्षकाला देणे सोपे आहे. पण दिवसभर राबलेल्या माणसाने दोन आणे टाकून कृष्णाच्या लीला पाहाव्याशा वाटल्या, तर त्यात चूक काय? दुसरीकडे कंपनीत पगारावर माणसे होती, स्टुडिओ चालवायचा होता. बाबूराव माघारी फिरले ते हिशेबाने फिरले. माझ्या मते मात्र तेवढ्यावर विषय संपत नाही. त्यांनी ‘सावकारी पाश’ सोडून दिला नाही. बोलपट आल्यावर १९३६ मध्ये कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी तोच विषय, त्याच नावाने पुन्हा केला. पडलेल्या चित्रपटाकडे अकरा वर्षांनी परत जाणारे दिग्दर्शक फार नसतात.

त्याच १९२५ मध्ये हॉलिवूडमध्ये चार्ली चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’ आला आणि रशियात आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ तयार झाला. हे दोन्ही आज मोबाइलवर बघता येतात. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ १९५३ चा. जमीन वाचवायला कोलकात्यात रिक्षा ओढणारा शंभू महतो आपल्याला आठवतो. कोल्हापूरचा शेतकरी त्याच्या २८ वर्षे आधी शहराच्या वाटेला लागला होता. तो आठवत नाही, कारण तो कुणाला बघायलाच मिळत नाही.

शिष्य का सोडून गेले?

१ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. सीतारामपंत सोडले तर सगळे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले. दामल्यांनी तर कॅमेऱ्याच्या वेळेपासून साथ दिली होती.

बाबूराव अबोल, आपल्याच तंद्रीत काम करणारे. चित्र मनासारखे होईपर्यंत वेळ घेणार, पैशाचा व्यवहार त्यांच्या स्वभावाला मानवणारा नव्हता. शिकलेल्या, हाताला धार आलेल्या तरुणांना स्वतंत्र व्हायचे होते. १९२७ मध्ये शांताराम यांनी ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित करून आपली ताकद दाखवली होतीच. १९३० मध्ये बाबूरावांचा ‘लंका’ आला, आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. १९३१ मध्येच ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला.

प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्या चित्रपटातली साधी घरे, खरीखुरी वाटणारी माणसे पाहिली की ही नजर कुणाच्या कारखान्यात तयार झाली ते कळते.

शेवटची वर्षे कशी गेली?

बोलपटांत बाबूरावांनी ‘उषा’ (१९३५), ‘सावकारी पाश’ (१९३६), ‘प्रतिभा’ (१९३७) असे चित्रपट केले. ‘प्रतिभा’त दुर्गा खोटे होत्या. पण चित्राने सगळे सांगणाऱ्या माणसाला संवादांचे युग फारसे मानवले नाही. १९४७ मध्ये शांताराम यांच्या राजकमलसाठी ‘लोकशाहीर रामजोशी’ आला. दिग्दर्शक म्हणून बाबूराव आणि शांताराम, गुरु-शिष्य दोघांची नावे लागली. सोलापूरच्या रामजोशींची ही गोष्ट, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांची कामे, खूप चालला. बाबूरावांचे नाव लावलेला सर्वाधिक गाजलेला बोलपट हाच.

चित्रपट कमी झाले तसे ते शिल्पकलेकडे अधिक वळले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात पूर्वी गव्हर्नर लेस्ली विल्सनचा पुतळा होता. १९४२ च्या आंदोलनात त्याची विटंबना झाली, आणि १९४५ मध्ये तिथे शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला. भालजी पेंढारकरांचा पुढाकार होता, पुतळा घडवला बाबूरावांनी. अंबाबाईच्या दर्शनाला गेलेले आपल्याकडचे कितीतरी लोक त्या पुतळ्याजवळून जातात.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव वारले. ‘कलामहर्षी’ ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे, आणि त्यांच्या नावाची फिल्म सोसायटी तिथे चित्रपट महोत्सव भरवते.

चित्रपट गेले कुठे?

भारतात सुमारे १,३०० मूकपट बनले. त्यातले पूर्ण किंवा तुकड्यांत उरलेले तिसाच्याही आत आहेत. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बाबतीत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘मुरलीवाला’ (१९२७) सारखे अगदी मोजके अवशेष आहेत. १९२५ चा ‘सावकारी पाश’ त्यांत नाही.

ही फक्त आपली बेफिकिरी नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये हिशेब मांडला तेव्हा तिथल्याही सुमारे ७० टक्के मूकपटांचा पत्ता नसल्याचे दिसले. कारण त्या फिल्मच्या रसायनात होते. सेल्युलोज नायट्रेट हे स्फोटक कापसाचे जवळचे नातेवाईक. जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो, त्यामुळे पाण्यात बुडवली तरी आग विझत नाही. पेटली नाही तरी दमट, गरम हवेत ती आपोआप कुजते. आधी चिकट होते, मग तपकिरी भुकटी. शिवाय तिच्यावरच्या थरात चांदी असते. बोलपट आल्यावर मूकपटाला भाव राहिला नाही, आणि चांदीसाठी रिळे धुऊन टाकणारे व्यापारी निघाले. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातल्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि उरलेले बरेच काही त्यात गेले.

त्यामुळे ‘सावकारी पाश’बद्दल आज जे काही लिहिले जाते, या लेखासकट, ते पाहिलेल्यांच्या आठवणी आणि स्थिरचित्रे यांच्या आधारावर आहे.

पडद्यावरचा सावकार आज कुठे आहे?

चित्रपटातला शेतकरी गिरणीत गेला. आपल्याकडून लोक सोलापूरच्या गिरण्यांत गेले, मग पुणे-मुंबईला गेले. आता कळंब, भूम, परंडा, वाशी भागातून दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टर भरून निघतात ते ऊसतोडीला. सावकाराच्या वहीची जागा मुकादमाच्या ‘उचली’ने घेतली आहे, आधी रक्कम घ्यायची आणि हंगामभर कोयत्यावर फेडायची. जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि शेतकरी आत्महत्यांचे आकडे दरवर्षी विधिमंडळात गाजतात.

कायदा मात्र १९२५ पेक्षा बराच पुढे आला आहे. १९४६ चा मुंबई सावकार कायदा जाऊन महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आला. परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. सर्वात महत्त्वाचे कलम १८. कर्जाच्या बदल्यात जमिनीचे खरेदीखत करून घेतले असेल, ज्याला आपल्याकडे खुशखरेदी म्हणतात, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. मागच्या १५ वर्षांतला व्यवहार तपासला जातो, आणि तो सावकारीतून झाल्याचे सिद्ध झाले तर जमीन परत देण्याचा आदेश निघू शकतो. अडचण पुराव्याची येते. व्यवहार रोखीत, व्याजाची कुठे नोंद नाही, आणि कागदावर सही आपलीच. त्यामुळे पैसे घेताना-देताना बँकेतून व्यवहार, साक्षीदार, फोनवरचे मेसेज, जे असेल ते जपून ठेवावे. चित्रपटातल्या शेतकऱ्याकडे यातले काही नव्हते.

घरात जुने रीळ सापडले तर?

हरवलेले मूकपट अजूनही अधूनमधून सापडतात. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांना फाळक्यांच्या कुटुंबाकडूनच मिळाला होता. जत्रेतल्या तंबू टॉकीजचा धंदा केलेली घरे आपल्या जिल्ह्यातही आहेत. माळ्यावर, गोदामात पत्र्याचा गोल डबा असेल तर तो उन्हात ठेवू नका, जवळ विडी-काडी किंवा दिवा नको, आणि फिल्म पेटवून बघण्याचा प्रयोग तर अजिबात नको. फिल्मच्या कडेला बारीक अक्षरांत ‘नायट्रेट’ असे इंग्रजीत छापलेले असेल किंवा फिल्म चिकट होऊन उग्र वास येत असेल, तर ती घरात ठेवणेच धोक्याचे. डबा थंड, हवेशीर जागी वेगळा ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे. डब्यावर काही लिहिलेले असेल तर त्याचा फोटो आधी काढून ठेवावा. गंजलेल्या पत्र्यावरचे नाव हात लावताच निघून येते.